पैसे भरून पूर्वज सापडतात का?

कृष्णाकाठची

मंडळी, सल्ला हवाय.

गेल्या दिवाळीत भावाच्या नादाला लागून एका परदेशी वंशावळीच्या साइटवर खातं उघडलं. चौदा दिवस फुकट, नंतर पैसे. चौदावा दिवस पाहुण्यांच्या गडबडीत निघून गेला आणि कार्डावरून जवळजवळ सोळा हजार गेले. भाऊ म्हणतो, 'आता गेलेच आहेत तर वापर.' म्हणून वर्षभर वापरतेय.

शोध कुणाचा, तर वडिलांच्या आजोबांचा. जावळी तालुक्यातून 'जर्मनच्या लढाईला' गेले ते परत आलेच नाहीत. फोटो नाही, कागद नाही. देवघरात त्यांची एक जड, काळपट धातूची चकती आहे, मोठ्या पुरीएवढी. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह आणि इंग्रजीत पणजोबांचं नाव उठावाचं. आजी तिला लढाईची देवी म्हणायची. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहून वाहून बाईचं नाक झिजलंय.

साइटवर पणजोबांचं नाव टाकलं, आडनाव जाधव, तर पहिल्याच रात्री ३१ 'धागेदोरे' आले. त्यातला एक १८८१ साली यॉर्कशरमध्ये मेंढपाळ होता.

पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे कापले जातील. ठेवू की बंद करू? आणि मुख्य म्हणजे, इथे कुणाला पैसे भरून मराठी पूर्वज मिळालाय का?

खवचट_खोंड

सोळा हजारांत त्र्यंबकला नारायण नागबळी झाला असता. पूर्वज स्वतः स्वप्नात येऊन पत्ता सांगून गेले असते.

न्यू_जर्सीची_सून

ताई, पहिलं काम म्हणजे हा धागा वाचायचं सोडून ते ऑटो रिन्यूअल बंद करा. बंद केलं तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत खातं चालू राहतं. झाडाची फाइल उतरवून ठेवा (जेडकॉम नावाचा प्रकार असतो, कुठल्याही साइटवर चालतो).

आता तुमचा प्रश्न. या साइट्सचं दुकान चालतं ते जनगणनेच्या याद्यांवर आणि चर्चच्या वह्यांवर. ब्रिटनमध्ये जनगणनेचे मूळ कागद शंभर वर्षांनी उघडतात. १९२१चे कागद जानेवारी २०२२ मध्ये फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर आले. अमेरिकेत ७२ वर्षांनी, १९५०ची जनगणना १ एप्रिल २०२२ला खुली झाली, आणि ती फुकट आहे. माझ्या ऑफिसातल्या आयरिश बाईने दोन संध्याकाळी बसून सात पिढ्या काढल्या. मी तिच्याच शेजारी बसून माझ्या सासऱ्यांचं नाव टाकलं, तर मला माझ्याच नवऱ्याचा घराचा पत्ता दाखवला.

पेन्शनर_७१

१९८१च्या जनगणनेला मी प्रगणक होतो. शाळा सुटली की खडू टेबलावर ठेवायचा आणि घरं मोजायला निघायचं. एका म्हातारीने वय विचारल्यावर 'प्लेगाच्या साली मी पाळण्यात होते' असं सांगितलं होतं. ते मी मनात मोजून लिहिलं. पण ती पानं तुम्हाआम्हाला कधी दिसायची नाहीत. जनगणना कायदा १९४८, कलम १५. भरलेले तक्ते कुणालाही तपासता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. आपल्याला मिळतात ते नुसते आकडे. तेव्हा साइटवाल्यांकडे आपली जनगणना नाही यात त्यांचा दोष नाही.

खवचट_खोंड

काका, म्हणजे त्या म्हातारीचं वय तुम्ही ठरवलंत आणि सरकारने ते गुपित ठेवलं.

पेन्शनर_७१

हो. आणि बरोबर ठरवलं होतं.

मोडीमित्र

फाइंडमायपास्टवर मुंबई इलाख्याच्या नोंदी आहेत, पण त्या लंडनच्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, कागदांतल्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन. पुण्याच्या कॅम्पात जन्मलेल्या गोऱ्या सार्जंटाचं पोर तिथे सापडेल. त्याच्या घोड्याला खरारा करणारा सापडणार नाही.

आपले कागद वेगळ्याच कारणांनी तयार झाले. वंशावळ लिहायची वेळ यायची ती बहुधा भांडण झालं की. पाटीलकीचा हिस्सा, कुलकर्ण्याचं वतन, दत्तक खरा की खोटा. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला (इनामांचे हक्क तपासणारं इंग्रजांचं मंडळ) अधिकार मिळाले, तेव्हा घराघरातून कैफियती आणि वंशावळी सादर झाल्या. इनाम टिकवायला लिहिलेली वंशावळ ही वकिलाच्या अर्जासारखी वाचावी. एखादा गैरसोयीचा भाऊ तिच्यात 'निपुत्रिक' होऊन मरतो आणि शेजारच्या गावात त्याची चार पोरं नांदत असतात.

सामान्य शेतकऱ्याची वंशावळ कुणी लिहिलीच नाही, कारण भांडायला वतन नव्हतं. त्याच्यासाठी तीन जागा. एक, शाळेचं जनरल रजिस्टर. दोन, गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. तीन, आणि माझी सर्वांत आवडती, वारसाचा फेरफार. माणूस मेला की जमिनीला वारस लागतो आणि तलाठ्याला वारसांची नावं लिहावीच लागतात. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार सरकारच्या आपले अभिलेख साइटवर स्कॅन करून ठेवलेत, किरकोळ पैशांत मिळतात. नाहीतर तहसीलची रेकॉर्ड रूम, नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि चिकाटी.

मात्र शंभर वर्षांपूर्वीचं सगळं मोडीत असणार.

दुपारची_डुलकी

मोडी म्हटलं की मला डॉक्टरांची चिठ्ठी आठवते.

मोडीमित्र

चिठ्ठी औषधवाला तरी वाचतो.

शेंडेफळ

आमचा छापील कुलवृत्तांत आहे. दोन आवृत्त्या, जाडजूड, कुलस्वामिनीच्या रंगीत फोटोसकट. पंधरा पिढ्या. कोण कुठल्या साली कुठल्या कचेरीत हेडक्लार्क झाला इथपर्यंत सगळं. म्हणजे पैसे भरायची गरज नाही असं सगळ्यांना वाटेल.

मी माझं पान उघडलं. वडिलांच्या नावाखाली भावाचं नाव, शिक्षण, नोकरी, पगाराची श्रेणीसुद्धा. त्याखाली 'कन्या १'. ती १ म्हणजे मी.

आईचं तर गंमतच. ती तिच्या माहेरच्या कुलवृत्तांतात 'कन्या ३' मधली एक, आणि सासरच्यात लग्नात बदललेल्या नावाने. ही दोन्ही माणसं एकच आहेत हे कुठल्याच पुस्तकावरून कळत नाही. परदेशी साइटवर निदान बाईच्या माहेरचं आडनाव लिहायचा वेगळा रकाना तरी असतो. मी तेवढ्यासाठी पैसे भरते आणि अजिबात पस्तावत नाही.

कृष्णाकाठची

शेंडेफळ, हे अगदी खरं. पणजोबांचं नाव निदान चकतीवर आहे. पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. वडील म्हणतात, 'थोरली म्हणायचे तिला.' झाडात तिची चौकट रिकामी आहे आणि साइट रोज विचारते, हिच्याबद्दल काही माहिती आहे का.

अश्दोदची_आत्या

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, जन्म अलिबागजवळचा, आता साठ वर्षं इस्रायलात. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

पैसे भरून मला मिळाले! पूर्वज नव्हे, जिवंत नातेवाईक. आमची आडनावं गावांवरून, पेणकर, नागावकर, केहीमकर, म्हणजे निम्मी वंशावळ आडनावातच. एका साइटवर आमच्या गावाचं आडनाव लावणारी माणसं शोधली तर एक लोदला, एक दिमोनाला, एक लंडनला. लंडनवालीची आजी आणि माझी आजी सख्ख्या बहिणी निघाल्या. तिला मराठी येत नाही, पण शनिवारी घरात काय शिजायचं ते नेमकं सांगितलं तिने. नारळाच्या रसातली मच्छी. तेव्हा मला पटलं.

आमच्या कोकणातल्या कबरींवर हिब्रू आणि मराठी दोन्ही अक्षरं असतात. कबरींचे फोटो काढून लोकांनी साइटवर चढवलेत, तेच खरं कामाला आलं.

एक गंमत. मायहेरिटेज ही वंशावळीची कंपनी इस्रायलची, पण त्यांचा डीएनएचा किट आम्हाला इथे विकत मिळत नाही. इथल्या कायद्याने वंश शोधायला अशी चाचणी करायची तर कोर्टाचा हुकूम लागतो. दुकान आमच्या अंगणात आणि माल आम्हाला बंद.

खवचट_खोंड

आत्या, मच्छीची कृती दिल्याशिवाय हा प्रतिसाद ग्राह्य धरला जाणार नाही.

अश्दोदची_आत्या

नारळाचा रस, हिरवं वाटण, कोकम, वर कोथिंबीर. रस फाटू द्यायचा नाही. बाकी हाताला कळतं.

लाळ_आणि_लिफाफा

डीएनएचा विषय निघालाच आहे तर. मी अमेरिकेत असताना नळीत थुंकून पाठवलं होतं. निकाल: 'दक्षिण आशियाई'. ते मला आरशात दिसत होतं.

आपली माणसं या साठ्यात कमी, म्हणून जुळणारी थोडी. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्नं, त्यामुळे लांबचा माणूस जवळचा भासतो. मला एक 'चुलत भाऊ' दाखवला. दोघांनी रात्र जागून कागद जुळवले, सहा पिढ्यांत काही निघालं नाही. बहुधा सगळीकडून थोडे थोडे चुलत असू.

आणि हे लक्षात ठेवा, ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतल्या २०२३च्या चोरीत सुमारे ६९ लाख लोकांची माहिती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो. थुंकी परत मागवता येत नाही. शिवाय ती माहिती तुमच्या एकट्याची नसते, न विचारता भावाबहिणीचीही दिलेली असते.

न्यू_जर्सीची_सून

खातं मिटवून नमुना नष्ट करायला सांगता येतं. मी सांगितलंय. 'झालं' अशी मेल आली. खरंच झालं का ते देव जाणे.

मांडवीकाठ

गोंयांतसून लिहितोय. आमच्याकडे चित्र थोडं निराळं. किरिस्तांवांच्या इगर्जीच्या (चर्चच्या) वह्या आहेत, पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदी आहेत, पणजी शहरात पुराभिलेखागार आहे. हिंदूंची नावंसुद्धा कोमुनिदादच्या (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या) कागदांत गांवकार म्हणून मिळतात. पण तिथेही पुरुषच. शेंडेफळ, तुमची 'कन्या १' आमच्यात तेवढीही नाही.

आणि आमच्याकडे पूर्वज शोधणाऱ्या निम्म्यांना पूर्वज नको असतो, पोर्तुगालचा पासपोर्ट हवा असतो. आजोबा १९६१च्या आधी जन्मलेले, त्यांची नोंद लिस्बनला चढवायची, मग आपली. एजंट लोक त्यासाठी जे पैसे घेतात त्यापुढे ताईंचे सोळा हजार म्हणजे चहापाणी.

दर्यापार

मी मूळची मॉरिशसची, सध्या नोकरीसाठी पुण्यात. आमचं सगळ्यांत सोपं! मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचे, दप्तर आहे. प्रत्येकाला नंबर, जहाज, वय, गाव, बापाचं नाव, काहींचे फोटोसुद्धा. मुंबई बंदरातून आलेले मराठी लोक त्यात आहेत. आमच्या पणजोबांचं पहिलं नाव तिथल्या कारकुनाने आडनाव म्हणून लिहिलं, तेच आजपर्यंत आमचं आडनाव. खरं आडनाव काय ते कळत नाही. गाव 'रत्नागिरी' म्हणून लिहिलंय, जिल्हा की गाव देव जाणे. दोनदा रत्नागिरीला जाऊन आले. एसटी स्टँडवर उभी राहून प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.

पेन्शनर_७१

पोरी, आडनाव नसलं तरी कुलदैवत माहीत आहे का? घरात काय पुजतात, कुठला नवस बोलतात, ते लिही. कोकणात त्यावरून गावाचा टप्पा लागतो.

दर्यापार

काका, आईला विचारून सांगते. देवळीत एक नारळ असतो एवढं आठवतं.

तलाठी_नव्हे

सध्या जुने कागद काढायचे तर रेकॉर्ड रूमला रांग आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून कुणबी नोंदी शोधायला अख्खं गाव येतं. खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेची रजिस्टरं. मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय. ज्या कपाटावर वीस वर्षं धूळ होती ते रोज उघडतं.

संपादक मंडळ

आरक्षणाची चर्चा या धाग्यावर नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कुलूपबंद आहेत.

खवचट_खोंड

मोडीमित्र, ताशी काय घेता?

मोडीमित्र

चहा. आणि कागद नीट सपाट ठेवून काढलेला फोटो. अंगठा पानावर ठेवून काढलेले फोटो वाचून माझं आयुष्य चाललंय.

अवांतर: त्र्यंबकच्या नामावळींबद्दल कुणीच कसं बोललं नाही? तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि गाव सांगितलं की वही निघते. माझ्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख मी तिथे पाहिला. शाई तपकिरी झालेली, सही करताना बोरू अडकून एक ठिपका पडलेला. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने त्याच्या खाली बॉलपेनने नाव लिहिलं आणि त्याचाही ठिपका पडला. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांचे फोटो फॅमिलीसर्चवर आहेत. ती साइट अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची, फुकट आहे.

दुपारची_डुलकी

मॉर्मन लोक मेलेल्यांचा बाप्तिस्मा करतात म्हणून नावं गोळा करतात ना? माझ्या पणजोबांचा झाला तर ते स्वर्गातून खाली येऊन सोवळं नेसतील.

फौजी_आबा

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त. उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही.

ताई, ती देवी म्हणजे ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसाला हे ब्रॉंझचं पदक पोस्टाने यायचं. लोक त्याला 'डेड मॅन्स पेनी' म्हणत. १२ सेंटिमीटर व्यास असेल, मोजून बघा. हुद्दा, नंबर काही नसतो, नुसतं नाव, कारण मेल्यावर सगळे सारखे असं ठरलं होतं. सातारच्या घरांत अजून निघतात. कुठे तबक झालंय, कुठे मांजराची ताटली.

पैसे भरू नका. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट फुकट आहे. त्यात शिपायाच्या बापाचं नाव, गाव, तालुका असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. १९१५-१६ साली आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतला वेढ्यात अडकल्या होत्या. १४७ दिवस. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. म्हणून 'बसरा मेमोरिअल' (तिकडे मेलेल्या, पण कबर न सापडलेल्यांचं स्मारक) असं घालून बघा. आणि जाधव हे रोमनमध्ये जितक्या वाईट प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे लिहून बघा.

त्या बसऱ्याच्या भिंतीचं सांगतो. गोऱ्यांची नावं कोरली. आपल्या अधिकाऱ्यांची कोरली. आपल्या शिपायांचे पलटणीखाली नुसते आकडे. नावं वेगळ्या वहीत. सातारा जिल्ह्यात आपशिंगे गावाने त्या लढाईत ४६ माणसं गमावली; आज गावाला आपशिंगे मिलिटरीच म्हणतात. त्या गावाला आकडा चालला असता का?

कृष्णाकाठची

आबा.

सापडले. पाचव्या स्पेलिंगला. जे ए डी ओ डब्ल्यू. जादो! त्यांच्या वडिलांचं नाव बरोबर, गाव बरोबर, 'जावळी, सातारा, बॉम्बे'. ११७वी पलटण. १९१६. रात्री साडेबारा वाजता आईबाबांना उठवलं. बाबा काही बोलले नाहीत, देवघरात जाऊन चकती आणली आणि पट्टीने मोजली. बारा सेंटिमीटर.

पुन्हा पैसे कापायचे ते बंद केलेत. चुलतभावाला गावाहून तहसीलला पाठवतेय, वारसाच्या फेरफारासाठी.

कृष्णाकाठची (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतेय. चुलतभावाने तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा वीज नव्हती. नक्कल मिळाली, फोटो खाली जोडलाय. अंगठा नाहीये, मोडीमित्र.

मोडीमित्र

उत्तम फोटो. वाचतो.

'सदरहू खातेदार लढाईवर मयत. वारस मुलगा, अज्ञान, वय वर्षे ३, अ. पा. क. आई' आणि पुढे नाव. 'सगुणा' दिसतंय. पहिलं अक्षर स नक्की, मधल्या ग वर डाग आहे, पण दुसरं काही बसत नाही. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, त्याशेजारी 'निशाणी सगुणा'. दोनदा आलंय म्हणजे शंका नाही.

(अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. सातबारावर पाहिलं असेल.)

शेंडेफळ

कन्या नाही, पत्नी नाही. सगुणा. आणि ठसासुद्धा तिचाच.

कृष्णाकाठची

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, 'आपल्या गाईचं नाव सगुणा होतं. म्हातारा तिला कधी हाक मारायचा नाही, आम्ही मारली तर ओरडायचा.' म्हातारा म्हणजे माझे आजोबा, तेच तीन वर्षांचे अज्ञान.

पेन्शनर_७१

माहेर कुठलं तिचं?

कृष्णाकाठची

तेच तर काका. बाबा म्हणतात कोयनेच्या पलीकडलं कुठलं तरी, आता पाण्याखाली आहे. कुणाला धरणातल्या गावांचे जुने कागद कुठे ठेवलेत ते माहीत आहे का?

ता. क. झाडातल्या रिकाम्या चौकटीत तिचं नाव भरलं. सकाळी मेल आली, 'सगुणा यांच्याबद्दल ३ नवे धागेदोरे.'

खवचट_खोंड

यॉर्कशर?

कृष्णाकाठची

कॉर्नवॉल.